डोंगराळ रस्त्यावर दिवसभर सायकल: उंचीचा हिशोब आधी, किलोमीटर नंतर

सपाटीवर साठ-सत्तर किलोमीटर हसतखेळत मारणारा माणूस डोंगरात चाळिसाव्या किलोमीटरलाच ढेपाळतो. मग त्याला वाटतं, आपला दम कमी पडला. बहुतेक वेळा दम पुरेसा असतो, हिशोब चुकलेला असतो. माझा पहिला डोंगरी दिवस असाच गेला. नकाशात अंतर पाहिलं, ‘साठच तर आहेत’ म्हणून उशिरा निघालो आणि शेवटचा चढ अंधारात सायकल हाताने ढकलत पार केला. तेव्हापासून मी आधी उंची मोजतो.

खाली लिहिलंय ते शर्यतीसाठी नाही. ज्याला सकाळी निघून संध्याकाळी, थोडी मजा शिल्लक ठेवून, घरी पोचायचंय त्याच्यासाठी आहे.

पायरी १: रस्ता निवडा, म्हणजे मीटर मोजा

तुम्ही, सायकल, पाणी आणि सामान मिळून ८५ किलो धरू. एवढं वजन ५०० मीटर वर न्यायला सुमारे ४१७ किलोज्यूल काम करावं लागतं. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोचतो, बाकीच्याची उष्णता होते. म्हणजे फक्त ती ५०० मीटर उंची गाठायला ४०० किलोकॅलरींहून थोडं जास्तच जळतं. रस्त्याचं घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा. सायकल एक किलोने हलकी केली तर तासाभराच्या चढात जेमतेम पाऊण मिनिट वाचतं. तेव्हा हलक्या सुट्या भागांवर खर्च करण्याआधी रस्ता नीट निवडावा.

फसगत होते ती इथे. निघण्याचं ठिकाण २०० मीटर उंचीवर आणि खिंड ७०० मीटरवर असेल, तर चढ ५०० मीटरचा वाटतो. पण वाटेत रस्ता चार वेळा ओढ्यापर्यंत उतरून पुन्हा वर आला, तर दिवसाची एकूण चढाई सहज हजारावर जाते. मार्ग आखायच्या कुठल्याही ॲपमध्ये ‘एकूण चढाई’ हा आकडा वेगळा मिळतो, तोच पाहा. कागदी नकाशा असेल तर तुमच्या रस्त्याने समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) किती वेळा ओलांडल्या ते मोजा. रेषा दाटीवाटीने असतील तिथे उभा चढ आहे.

चढाची टक्केवारी म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता किती मीटर वर गेला. ३ टक्के डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना कळतो. ५-६ टक्क्यांना बोलता येतं, गाता येत नाही. ८-९ टक्क्यांना बोलणंही तुटक होतं. १२ टक्क्यांच्या पुढे सायकल सरळ ठेवणं हेच काम होऊन बसतं. सरासरीवर मात्र विश्वास ठेवू नका. पाच किलोमीटर सरासरी ५ टक्के असलेल्या चढात किलोमीटरभर सपाटी आणि अर्धा किलोमीटर १२ टक्के दडलेला असू शकतो. उंचीचा आलेख मोठा करून ते तुकडे शोधा आणि कितव्या किलोमीटरला आहेत ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून हँडलला चिकटवा.

वेळेचा अंदाज मी असा बांधतो: अंतराला १८ ने भागून तास काढायचे, प्रत्येक १०० मीटर चढाईला ६ मिनिटं वाढवायची आणि जो आकडा येईल त्यात तासामागे १५ मिनिटं थांबण्याची धरायची. ७० किलोमीटर आणि १,००० मीटर चढाई म्हणजे चालवायला साधारण पाच तास, थांबे धरून सहा. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. दोन-तीन फेऱ्यांनंतर तुमचा स्वतःचा आकडा सापडेल. पहिल्यांदाच जात असाल तर ५० किलोमीटर आणि ६०० मीटर पुरे.

आखणीत आणखी तीन गोष्टी. सगळ्यात मोठा चढ दिवसाच्या पहिल्या अर्ध्या भागात यावा, पण पहिल्या आठ-दहा किलोमीटरांत नको. अर्ध्यावरून माघारी फिरायला एखादा सोपा फाटा हवा. आणि वाऱ्याचा विचार हवा. निरभ्र दिवशी डोंगराच्या बाजू उन्हाने तापतात आणि दुपारी वारा दरीतून वरच्या दिशेने वाहू लागतो, रात्री त्याच्या उलट. म्हणून सकाळी दरी उतरत जाऊन दुपारी तीच दरी चढत परत येणं फायद्याचं पडतं, वारा पाठीला लागतो. उलट आखणी केलीत तर दुपारच्या उतारावरही पेडल मारावं लागेल, आणि त्याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही.

पायरी २: सायकलचा सगळ्यात हलका गिअर तपासा

डोंगरासाठी सायकल विकत घेताना किंवा मागून नेताना मी आधी दाते मोजतो. पुढची सगळ्यात लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठीही ३४ ची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदा फिरतं, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. मागे २८ दातेच असतील तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी नऊच्या वर जावं लागतं, आणि ८ टक्क्यांच्या चढावर तो वेग सगळ्यांना झेपत नाही. मग फेरे पन्नासवर येतात, चाळीसवर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) बदलून मोठ्या दात्यांची बसवणं ही बहुतेक सायकलींतली सगळ्यात कामाची सुधारणा आहे. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

हलक्या गिअरची लाज वाटणारे बरेच भेटतात. ही लाज जुनी आहे. टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली सायकल शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलणं हे दुबळ्यांचं काम वाटे आणि त्या शर्यतीत डिरेलर वापरायची मुभा १९३७ साली मिळाली. त्याआधीचे शर्यतपटू चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं करून बसवत, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांची चकती असे. तुमच्या अंगठ्याखाली आज जे बटण आहे ते त्यांना मिळालं असतं तर त्यांनी नक्की दाबलं असतं.

बाकीची तपासणी आदल्या संध्याकाळी करा, निघताना नको. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. पॅड झिजून खाचा पुसल्या असतील तर बदला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर तो भाग सैल आहे. चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाका आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून घ्या, कारण बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

हवा ठणठणीत भरायची सवय डोंगरात सोडावी लागते. टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. ७५ किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर छापलेलं असतं) आणि ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४० ते ५० पीएसआय पुरतात. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी. खडबडीत उतारावर अशी सायकल रस्त्याला चिकटून राहते, दगडादगडावर उडत नाही.

सीटची उंचीही याच वेळी पाहा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट बुटकी असेल तर चार तासांच्या चढाने गुडघ्याचा पुढचा भाग ठणकू लागतो.

पायरी ३: सोबत काय घ्यायचं

दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, षट्कोनी पान्यांचा जुडगा, चेन जोडायची एक जादा कडी. फाटलेल्या टायरच्या आत लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. पुढचा आणि मागचा दिवा, भर दुपारी परतायचा बेत असला तरीही. हेल्मेट. मोबाइलमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवलेला नकाशा, कारण दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आणि वारा अडवणारं पातळ जाकीट. यावर लोक नाक मुरडतात, म्हणून त्याबद्दल पुढे लिहितो. पाठीवर सॅक नको, चढावर पाठ घामाने भिजते आणि खांदे धरतात. सामान सायकलवर बांधा.

पायरी ४: पहिला तास मुद्दाम वाया घालवा

सकाळी पाय ताजे असतात, हवा थंड असते, आणि इथेच दिवस बिघडतो. पहिला तासभर असा चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. जोर लावून चालवलं की शरीर चरबीपेक्षा हा साठा जास्त वेगाने वापरतं. पहिल्या चढावर ओळखीच्या माणसाला मागे टाकायला जो जोर लावाल, तो दुपारी तीन वाजता परत मिळत नाही.

पायरी ५: चढ

चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा. अर्ध्या चढात सगळा भार पेडलवर असताना गिअर ओढला तर चेन करकरते, कधी पडते. बदलावाच लागला तर एक-दोन जोरदार फेरे मारून वेग थोडा वाढवा आणि क्षणभर पाय हलका करून मग बदला.

लांब चढ बसूनच चढायचा. मिनिटाला ६० ते ७५ फेरे जमले तर उत्तम. हात हँडलच्या वरच्या भागावर, कोपरं सैल, छाती मोकळी. हँडल आवळून धरणारा माणूस खांद्यांनी सायकल ओढायला बघतो आणि त्यातून काही मिळत नाही. दर काही मिनिटांनी पाऊण मिनिट उभं राहून चालवा, पाठीला आणि बैठकीला विसावा मिळतो. उभं राहण्याआधी गिअर एक-दोन दात्यांनी जड करा, नाहीतर पाय रिकामा खाली जातो आणि सायकल मागे हिसका खाते. मागे कोणी असेल तर त्याच्या चाकाला तो हिसका महागात पडतो.

अतिशय उभ्या तुकड्यावर उलटी गंमत असते. जोरात ओढलं की पुढचं चाक उचलतं आणि उभं राहिलं की मागचं घसरतं. उपाय असा की सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे वाकवा, कोपरं खाली. रस्ता मोकळा आणि दूरवर दिसणारा असेल तरच नागमोडी चालवून चढ सौम्य करा. आंधळ्या वळणावर हा प्रयोग कधीही नको.

हेअरपिन वळणाची, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो त्या वळणाची, आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच उभी असते, कारण तेवढीच उंची रस्ता कमी अंतरात गाठतो. आपल्या बाजूत राहून आणि मागचं वाहन पाहून जितकं बाहेरून जाता येईल तितकं जा. बाहेरची कड थोडी लांब पडते, पण तिथे दोन श्वास मिळतात.

थांबावं लागलं तर थांबा, ढकलावं लागलं तर ढकला. पुन्हा निघताना मात्र लोक पडतात. सायकल रस्त्याला थोडी तिरकी लावा, ब्रेक धरून ठेवा, एक पेडल घड्याळाच्या दोनच्या स्थितीत आणा, त्यावर भार टाकतानाच ब्रेक सोडा आणि दुसरा पाय लगेच चढवा. पाय पेडलला अडकणारे बूट असतील तर पहिले काही फेरे न अडकवताच मारा.

किती चढ उरलाय हे सारखं वर बघून कळत नाही. दिसणारा माथा बहुधा शेवटचा नसतो. हँडलवरची चिठी पाहा.

पायरी ६: भूक लागण्याच्या आधी खा

फ्रान्समध्ये डिरेलर गिअरचा सतत पुरस्कार करणारे पोल द विव्ही (१८५३–१९३०), ज्यांना सगळे व्हेलोसिओ म्हणत, ते सांगत की भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या. भुकेचा भाग आजही जसाच्या तसा खरा आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पहिल्या पाऊण तासात सुरुवात करा आणि मग दर अर्ध्या तासाला चार घास. खाणं चढाच्या पायथ्याशी नको, माथ्यावर किंवा सपाटीवर. धाप लागलेल्या माणसाला घास गिळवत नाही.

साठा संपल्याची लक्षणं पायांपेक्षा आधी डोक्यात दिसतात. उगाच चिडचिड, साधा फाटा चुकणं, थंड घाम, हात थरथरणं. अशा वेळी लगेच थांबून गोड काहीतरी खा आणि पंधरा-वीस मिनिटं बसा.

पाण्याचं प्रमाण तासाला अर्धा ते पाऊण लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. नुसतं पाणीच भरमसाट पिऊ नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं. मीठ पोटात जायला हवं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तेव्हा मोठ्या चढाच्या माथ्यावर पाणी नक्की मिळणार असेल तर पायथ्याशी सगळ्या बाटल्या काठोकाठ भरू नका. खात्री नसेल तर निमूट भरा.

पायरी ७: माथ्यावर दहा मिनिटं

उंचीबरोबर हवा थंड होते, सरासरी दर १,००० मीटरला साडेसहा अंश. त्यात तुमचा शर्ट घामाने भिजलेला असतो आणि पुढचा अर्धा तास ताशी तीस-चाळीसने वारा अंगावर घेत, पाय न हलवता उतरायचं असतं. बोटं गारठली की ब्रेक दाबायला जोर राहत नाही. मघाचं जाकीट आता घाला, गारठा जाणवायला लागण्याआधी. ते नसेल तर वर्तमानपत्राचे दोन-चार कागद शर्टाच्या आत छातीवर घालणं ही शर्यतपटूंची जुनी युक्ती अजूनही चालते.

निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहा, चाकं पक्की बसलीत का ते बघा. ढग दाटून गडगडाट ऐकू येत असेल तर फोटोसाठी रेंगाळू नका. उघड्या माथ्यावर एकटं झाड किंवा तुम्हीच सगळ्यात उंच असता.

पायरी ८: उतार, आणि इथे घाई नको

चढताना मिळवलेले ते ४१७ किलोज्यूल उतरताना परत द्यावे लागतात. काही वाटा हवा घेते, उरलेला ब्रेक. सारखा ब्रेक चोळत हळूहळू उतरलं तर हवेचा वाटा जवळजवळ शून्य होतो आणि सगळी उष्णता रिममध्ये (चाकाच्या धातूच्या कडेत) किंवा डिस्क ब्रेकच्या चकतीत जाते. रिम ब्रेकच्या सायकलीत रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते. म्हणून सरळ रस्त्यावर सायकल थोडी सुटू द्या आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट पण सावकाश दाबून वेग हवा तेवढा आणा, मग पूर्ण सोडा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. सुटू द्यायची भीती वाटत असेल तर वाटेत थांबून ब्रेक निवू द्या. त्यात कमीपणा नाही. तापलेल्या डिस्कला बोट मात्र लावू नका.

वेगाचं गणित लक्षात ठेवा. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २० ला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, सायकल साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ताशी ४० ला २४ मीटर लागतात. उतारावर हे अंतर आणखी वाढतं, ओल्या रस्त्यावर खूपच. पुढे जितका रस्ता दिसतोय तितक्यात थांबता येईल, त्याहून जास्त वेग नको.

थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. जोरात दाबताना शरीर मागे न्या आणि हात ताठ करा म्हणजे तोल पुढे जात नाही. वाळू, खडी, ओली पानं, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे किंवा लोखंडी जाळी आली की पुढचा ब्रेक सोडा आणि सायकल सरळ ठेवून ती जागा पार करा.

वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर शरीराचा भार, नजर वळणाच्या शेवटाकडे. जिथे बघाल तिथे सायकल जाते. कड्याकडे किंवा खड्ड्याकडे टक लावलीत तर तिकडेच जाल. भर उन्हातून झाडांच्या सावलीत शिरताना दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि सकाळची ओल नेमकी तिथेच टिकलेली असते. वेग सावलीच्या अलीकडे कमी करा.

कधी वेगात असताना हँडल अचानक थरथरायला लागतं. घाबरून घट्ट पकडलं की थरथर वाढते. दोन्ही गुडघ्यांनी फ्रेमचा वरचा दांडा दाबून धरा, हाताची पकड सैल करा आणि हळुवार ब्रेक लावा. थरथर विरते.

पायरी ९: पंक्चर

उतारावर झालं तर आधी वळणापासून लांब, रस्त्याच्या बाहेर या. मागचं चाक असेल तर काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा. टायरची एक कड सोडवा, ट्यूब बाहेर काढा, आणि नवी घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा किंवा काच शोधा. सावकाश फिरवा, नाहीतर बोटच कापेल. ही पायरी गाळणारे पाच मिनिटांनी पुन्हा रस्त्याच्या कडेला बसलेले दिसतात. नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा मारून मग आत बसवा. टायरची शेवटची कड व्हॉल्व्हपाशी हातांनी ढकलून बसवा. लिव्हर वापरला की नवी ट्यूब चिमटण्याची भीती असते. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी कुठे ट्यूब डोकावत नाही ना, ते पाहा.

पायरी १०: शेवटचे पंधरा किलोमीटर

दमलेला माणूस घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर चुका करतो. शेवटचा छोटासा, आलेखात नगण्य वाटलेला ३० मीटरचा चढ इथे डोंगर होतो. त्याआधी एकदा थांबा आणि उरलेलं खाणं संपवा. उजेड कमी होण्याची वाट न पाहता दिवे लावा. मांडीत किंवा पोटरीत गोळा आला तर गिअर हलका करून मिनिटभर सैल पाय फिरवा. तरी सुटला नाही तर उतरून तो स्नायू सावकाश ताणा.

घरी पोचल्यावर अंघोळीआधी वजन करा. सकाळपेक्षा एक किलो कमी भरलं तर तुम्ही प्यालात त्यापेक्षा साधारण लिटरभर पाणी जास्त गमावलंय, पुढच्या वेळी तेवढं वाढवा. मग वहीत चार आकडे लिहा: किलोमीटर, एकूण चढाई, चालवण्याचा वेळ, थांबण्याचा वेळ. चेन पुसा. पॅड किती झिजले ते दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तरी चालतं.